दोनशे तेरावी ओळ

चौकशी समितीच्या अहवालाच्या मसुद्यातले सातवे कलम असे होते:

“प्रकल्पात क्रिटिकल पाथ अस्तित्वात नसल्याने एक्केचाळीस दिवसांच्या विलंबाची जबाबदारी कोणत्याही एका कामावर निश्चित करता येत नाही. सबब विलंबाचे मूळ सदोष वेळापत्रकात असून, ते तयार करणाऱ्या नियोजन अभियंत्याची सेवा समाप्त करण्यात यावी.”

प्रकल्प म्हणजे एका मोठ्या रुग्णालयाची शस्त्रक्रियांसाठी बांधली जाणारी नवी इमारत. नियोजन अभियंता म्हणजे माझी भाची. घरात तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण लहानपणापासून ती स्वतःपेक्षा मोठे ओझे उचलते आणि रांग मोडत नाही. शुक्रवारी संध्याकाळी हा मसुदा तिच्या हाती पडला आणि शनिवारी दुपारी चार वाजता तिचे म्हणणे ऐकले जाणार होते. म्हणणे ऐकण्याआधीच निकाल टंकलिखित करून ठेवण्याची ही पद्धत वेळेची मोठी बचत करते, यात शंका नाही.

मी ते कलम तीनदा वाचले. जुन्या पोथ्यांच्या प्रती एकमेकींशी ताडून मूळ पाठ शोधणे हा माझा चाळीस वर्षांचा धंदा आहे, आणि त्या धंद्यात लवकरच कळते की लेखनिक जिथे सर्वांत ठाम असतो तिथेच पान खरवडलेले सापडते. ‘अस्तित्वात नसल्याने’ हे शब्द फार ठाम होते.

घरातून पाच माणसांना गाडी पकडायला निघायचे असते. चौघे चपला घालून दारात उभे असतात आणि पाचवा अजून आरशासमोर भांग पाडत असतो. घर कधी हलणार हे तो पाचवा ठरवतो. चौघांकडे सवड असते, त्याच्याकडे नसते. बांधकामातही एकामागून एक येणाऱ्या कामांची अशी एक साखळी असते, जिच्यात एका दिवसाचीही सवड नसते. तिच्यातले एखादे काम दिवसभर लांबले की इमारत दिवसभर लांबते. या साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात, आणि वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर ती लाल रंगात काढून दाखवते. ज्या कामाला शेवट आहे त्याला अशी साखळी असतेच. ती दिसत नाही असे म्हणता येईल. ती नाहीच असे म्हणणे म्हणजे पाचही जण वेळेवर तयार होते आणि तरी गाडी चुकली, असे सांगणे.

बरे, साखळी नाही म्हणून कोणाचाच दोष नाही, आणि कोणाचाच दोष नाही म्हणून मुंगीचा दोष! चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची परंपरा जुनी आहे. सुळाचे लाकूडही संन्याशाकडूनच तासून घ्यावे, ही या समितीची स्वतंत्र भर.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी दादाच्या घरी पोचले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मुंगीचा बाप. तो शिंपी आहे आणि घराची पुढची खोली हेच त्याचे दुकान. खिडकीशी शिलाईचे मशीन, मधोमध कापायचे लांब टेबल, आणि भिंतीवर खिळ्यांच्या रांगेत टांगलेले कागदी नमुने: कोटाच्या पाठी, बाह्या, कॉलर, पॅन्टचे पाय. टेबलाच्या कोपऱ्यावर मुंगी बसली होती. तिच्यासमोर वेळापत्रकाचा ताजा छापील कागद होता, चादरीएवढा, दोनशेहून अधिक ओळींचा. डोळे सुजलेले होते, पण हातातली पेन्सिल टोकदार होती. मला तेवढ्यावर धीर आला.

“फाईल उघडून पाहिलीस?” मी विचारले.

“फाईल कुठे आहे माझ्याकडे, आत्या? दोन महिने झाले, ती संचालकांच्या केबिनमध्ये आहे. सुरक्षिततेसाठी म्हणे. मी दर शनिवारी आकडे कागदावर लिहून द्यायचे, त्यांचं ऑफिस ते भरणार, आणि मला असा कागद छापून देणार.”

“सुरक्षित कोणापासून?”

“माझ्यापासून बहुतेक.”

संचालक म्हणजे या प्रकल्पाचे प्रमुख. त्यांच्या सहीवाचून त्या इमारतीत खिळाही ठोकला जात नाही. सध्या त्यांच्याकडे एक महत्त्वाचा कागद होता: शस्त्रक्रियेच्या खोल्यांमध्ये शुद्ध हवा खेळवणाऱ्या यंत्रांच्या खरेदीची मंजुरी. यंत्रे आल्यावाचून वरचे छत बंद होत नाही, छत बंद झाल्यावाचून हवेची चाचणी होत नाही, आणि चाचणीवाचून इमारत रुग्णालयाच्या ताब्यात जात नाही. मंजुरीला पाच दिवस धरले होते. सेहेचाळीस झाले होते.

“मी तीन वेळा लिहून आठवण दिली,” मुंगी म्हणाली आणि तिने तीन चिठ्ठ्या माझ्यासमोर पसरल्या. प्रत्येकीवर हिरव्या शाईत एकच शेरा होता: ‘सवड उपलब्ध. घाई अनावश्यक.’

“हे तर धडधडीत खोटं आहे.”

“तिथंच तर घोडं पेंड खातंय ना! खोटं नाहीये ते. हा शेवटचा रकाना बघ, सवडीचा. अख्ख्या कागदावर कुठल्याही कामाला त्रेसष्ट दिवसांपेक्षा कमी सवड नाही. मंजुरीलासुद्धा त्रेसष्ट! म्हणजे ती अजून दोन महिने झोपून राहिली तरी काही बिघडत नाही, असं माझंच वेळापत्रक म्हणतंय. आणि इमारत रोज एक दिवस पुढे सरकतेय. दोन्ही खरं कसं असेल?”

मशीन थांबले. दादाने दातात धरलेला दोरा तोडला. “लाल रंगाची शाई संपली असेल,” तो म्हणाला.

“बाबा, प्लीज.”

“अगं, तूच म्हणाली होतीस ना, लाल रंगाचा त्यांना राग येतो म्हणून?”

ते खरे होते. संचालकांनी एक परिपत्रक काढले होते: दर्शनी भागात लावायच्या तक्त्यात लाल रंग टाळावा, पाहुण्यांच्या मनावर विपरीत परिणाम होतो. मुंगीने या शक्यतेचा विचार आधीच केला होता. पट्ट्यांचा रंग कोणीही बदलू शकतो, पण सवडीचा रकाना आकड्यांचा आहे. रंग पुसल्याने शून्याचे त्रेसष्ट होत नाहीत. मग कामांमधले दुवे तोडले असतील का? तेही तिने तपासले होते. दुवे तुटले असते तर आकडे वेडेवाकडे झाले असते, कोणाला चार, कोणाला दोनशे. इथे तर मंजुरीपासून हस्तांतरणापर्यंत सलग एकोणतीस कामांना बरोबर त्रेसष्ट होते.

सॉफ्टवेअरातले मला काही कळत नाही. पण एकोणतीस ओळींत एकच चूक एकसारखी येते तेव्हा ती त्या ओळींची नसते, कुठल्या तरी एका जागेवरून ती सगळीकडे पाझरलेली असते, एवढे मला कळते.

“जुन्या प्रती काढ,” मी म्हणाले. “लाल रंग ज्या आठवड्यात शेवटचा दिसला तो, आणि ज्या आठवड्यात गेला तो. दोन्ही शेजारी ठेवू.”

“कुठून काढू? तीस दिवसांपेक्षा जुनी फाईल पुसून टाकायची असा ऑफिसचा नियम आहे. आणि छापलेले कागद तर मी दर शनिवारी घरी आणून बाबांना...”

ती थांबली. आम्ही दोघींनी एकाच क्षणी मान वर केली.

भिंतीवर, खिळ्यांच्या रांगेत, कोटांच्या पाठींवर आणि पॅन्टच्या पायांवर, बारीक छापील ओळी होत्या. दादा चांगला जाड, मोठा कागद फुकट मिळाला तर सोडणारा माणूस नव्हे. गेले सहा महिने तो गिऱ्हाइकांचे नमुने मुंगीच्या वेळापत्रकांतून कापत होता.

“हात लावायचा नाही!” दादा ओरडला. “ती उंच मास्तरांची बाही आहे. सोमवारी लागणार आहे मला.”

“दादा, तुझ्या लेकीची नोकरी जाते आहे.”

त्याने चष्मा कपाळावर चढवला. “मग हळू काढा,” तो म्हणाला. “आणि टाचण्या डबीत टाका. मागच्या वेळी तू आली होतीस तेव्हा माझ्या टाचेत घुसली होती.”

पुढचा तास मी आयुष्यातल्या उत्तम तासांत मोजते. पोथ्यांच्या शोधात मी धुळीने भरलेल्या कितीतरी कपाटांत डोके घातले आहे. पण एखाद्या कोटाचा पुढचा भाग उलटा करून त्यावर नवव्या आठवड्याचे पायाभरणीचे काम वाचायला मिळेल, असे मला कोणी शिकवले नव्हते. दादाने प्रत्येक नमुन्याच्या कडेला गिऱ्हाइकाची खूण आणि कापल्याची तारीख खडूने लिहिली होती, म्हणून मथळा कापला गेला असला तरी आठवडा कळत होता. पंधरावा आठवडा एका कॉलरपुरता शिल्लक होता. तेविसाव्याच्या दोन लहान चड्ड्या झाल्या होत्या. मुंगी गुडघ्यांवर बसून फरशीवर तुकडे मांडत होती, मी आकडे वाचत होते आणि दादा मधूनमधून “चुरगळू नका!” म्हणत होता.

“सतरावा!” मुंगी किंचाळली. “लाल आहे! सवड शून्य!”

“अठरावा?”

अठराव्यात लाल रंगाचा ठिपकाही नव्हता. त्याच साखळीची सवड एकशे चार झाली होती. एकोणिसाव्यात एकशे चार, विसाव्यात एकशे चार. एकविसाव्यात अठ्ठ्याण्णव. मग ब्याण्णव, शहाऐंशी, ऐंशी, चौऱ्याहत्तर, अडुसष्ट. आणि आजच्या कागदावर, जो काल संध्याकाळपर्यंतचा होता, त्रेसष्ट.

“आठवड्याला सहा,” मुंगी पुटपुटली. मग तिचा आवाज चढला. “आठवड्याला सहा, आत्या! आमच्या आठवड्यात कामाचे दिवस सहा! कुणीतरी रोज एक दिवस खातंय. एकशे चारातून त्रेसष्ट गेले की...”

“एक्केचाळीस,” दादा मशीनवरून म्हणाला. वजाबाकीत तो कधीच चुकत नाही, कारण वाईट वजाबाकीने कापड वाया जाते.

मसुद्यातला विलंब एक्केचाळीस दिवसांचा होता. मंजुरी ठरल्यापेक्षा एक्केचाळीस दिवस लांबली होती. म्हणजे खाणारा कोण ते उघड झाले. रोज एक दिवस हिरव्या शाईच्या टेबलावर गिळला जात होता आणि लाल होण्याऐवजी तो सवडीतून निमूट वजा होत होता.

“पण ही एकशे चारची रास आली कुठून?” मुंगी उठून येरझारा घालू लागली. तिच्या पायाखाली उंच मास्तर तुडवले गेले आणि दादाने डोळे मिटून घेतले. “साखळी तुटलेली नाही. सगळीच्या सगळी एकदम सैल झालीय. सवड मोजतात ती शेवटापासून मागे. म्हणजे शेवट पुढे सरकवलाय कुणीतरी. सगळी मंडळी दारात तयार उभी आहेत आणि गाडीच उशिराची धरलीय! पण शेवटचं काम हस्तांतरण, आणि त्याची तारीख अठराव्या आठवड्यात इकडची तिकडे झालेली नाही.”

“शेवटचे काम दोन्ही कागदांवर वाचून दाखव.”

“एकच आहे गं. हस्तांतरण.”

“वाच. सुरुवातीच्या आकड्यासकट.”

तिने सतराव्या आठवड्याचा तुकडा उचलला. तो एका पाठीचा खालचा घेर होता. “दोनशे अकरा, हवेची चाचणी. दोनशे बारा, स्वच्छता. दोनशे तेरा, हस्तांतरण.” मग तिने अठराव्याचा तुकडा घेतला, एक लांब बाही. “दोनशे अकरा, हवेची चाचणी. दोनशे बारा, स्वच्छता. दोनशे चौदा...”

मी दोन्ही तुकड्यांवर बोट ठेवले.

“दोनशे तेरा कुठे आहे?” मी विचारले.

मुंगी खाली बसली. बोलताना तिचे शब्द एकमेकांवर आदळत होते. “सॉफ्टवेअर ओळींना आपणहून क्रमांक देतं. नवी ओळ घातली की खालच्या सगळ्या एकाने पुढे जातात. आणि ओळ लपवली तर ती छापली जात नाही, पण तिचा क्रमांक तिच्याकडेच राहतो! आत्या, शेवटच्या ओळीच्या वर कुणीतरी एक ओळ घातलीय आणि लपवलीय. मी दोन महिने दुवे तपासतेय, रकाने तपासतेय, आणि क्रमांक... क्रमांक कोण वाचतं!”

“जो मजकूर कळत नाही तो,” मी म्हणाले.

आता दोन्ही धागे हातात आले होते. हस्तांतरणाच्या पुढे, कामाचे त्रेसष्ट दिवस मोजून, काहीतरी उभे होते. मुंगीने भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर ठेवले आणि आम्ही सुट्ट्या वगळत पेन्सिलने दिवस मोजले. एकदा तिने, एकदा मी. दोन्ही वेळा पेन्सिल एकाच चौकोनात थांबली. अठ्ठावीस तारीख.

“अठ्ठावीस,” मुंगी म्हणाली. “त्या दिवशी काय आहे? काहीच नाही.”

दादा मशीनवरून उठला. त्याने फरशीवरची ती लांब बाही उचलली, तिच्या कडेची खडूची खूण उजेडात धरली आणि कानाची पाळी खाजवली. असे तो फक्त कापड चुकीचे कापले गेले असेल तेव्हाच करतो.

“ही बाही कुणाची आहे माहितीय का?” तो म्हणाला. “तुझ्या साहेबांची.”

“कोणत्या साहेबांची?”

“संचालकांची. तूच नाही का पत्ता दिलास? त्या आठवड्यात आले होते माप द्यायला. निळा कोट, दुहेरी अस्तर. त्यांचं माप घेतलं आणि त्याच शनिवारी तू आणलेला कागद कापला. म्हणाले, उद्घाटनाला घालायचाय, त्याच दिवशी नोकरीतून निवृत्त होतोय, जरा ऐटीत शिवा.”

“तारीख, दादा!”

त्याने मापांची वही काढली, आणि मी हात पुढे करताच ती छातीशी धरली. “गिऱ्हाइकाची मापं मी बाहेर दाखवत नाही. शिंप्याचं तोंड उघडलं की दुकान बंद.”

“मला त्यांच्या पोटाचा घेर नको आहे. तारीख हवी आहे.”

बराच विचार करून त्याने वही उघडली, अंगठा घेरावर घट्ट दाबला आणि खालची ओळ दाखवली. त्याच्या गोल अक्षरात लिहिले होते: समारंभ अठ्ठावीसला, सत्तावीसला द्यायचा.

मुंगीने बापाच्या गळ्यात हात टाकले. तो “टाचण्या, टाचण्या आहेत शर्टाला!” म्हणत राहिला.

चार वाजता आम्ही समितीच्या खोलीत होतो. चौकशीला सामोऱ्या जाणाऱ्या कर्मचाऱ्याला एक सोबती आणता येतो. त्या नियमाने मी मुंगीशेजारी बसले. टेबलाच्या टोकाला समितीच्या अध्यक्षा होत्या, निवृत्त न्यायाधीश, चष्म्याला दोरी लावलेली. त्यांच्या उजव्या हाताला संचालक. गोरा, प्रसन्न चेहरा, आणि ज्यांच्या कामाला कधीच घाई नसते अशा माणसांची ती ऐसपैस बैठक. भिंतीवर मोठा पडदा होता आणि दाराबाहेर, काचेच्या चौकटीत, अठराव्या आठवड्याचे वेळापत्रक टांगलेले होते. एकही लाल रेघ नसलेले ते पहिले वेळापत्रक म्हणून संचालकांनी ते खास मढवून घेतले होते.

“या, या,” संचालक म्हणाले. “हे काय, कपड्यांचे नमुने? समितीला गणवेश शिवताय की काय?”

“ते नंतर,” मुंगी म्हणाली. “बाई, मला फाईल पाच मिनिटं उघडून द्या. इथं, सगळ्यांसमोर.”

“फाईल फार नाजूक असते,” संचालक अध्यक्षांना म्हणाले. “अशा हाताळणीनं...”

“मीही नाजूक आहे,” अध्यक्षा म्हणाल्या. “सत्तरी उलटलीय. तरी रोज हाताळतात मला. उघडा.”

फाईल उघडेपर्यंत मुंगीने एका चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या, घडी घातली आणि अध्यक्षांपुढे सरकवली. “मी ही फाईल दोन महिन्यांत पाहिलेली नाही. तरी तिच्यात काय आहे ते लिहून दिलंय. आधी पडदा बघा, मग घडी उघडा.”

संचालक हसले. “ज्योतिषही येतं वाटतं!”

पडद्यावर वेळापत्रक उमटले. निळ्या पट्ट्या, निळ्या पट्ट्या, दोनशे बारा, दोनशे चौदा. मुंगीने एक कळ दाबली: सगळ्या ओळी दाखवा.

तळाशी एक ओळ उघडली, पाण्याखालून मासा वर यावा तशी. दोनशे तेरा. ‘उद्घाटन व निरोप समारंभ.’ एक दिवस. तारीख अठ्ठावीस, पक्की केलेली. आधीच्या कोणत्याही कामाशी दुवा नाही, पुढच्या कोणाशी नाही. आणि साऱ्या पडद्यावर ती एकटीच ओळ लाल होती. क्रिटिकल पाथ नाहीसा झालाच नव्हता. तो एका समारंभात आक्रसून बसला होता.

अध्यक्षांनी चिठ्ठी उघडली. वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. “क्रमांक, तारीख, दुवा नाही, सगळं बरोबर,” त्या म्हणाल्या. “पुढे?”

“या ओळीमुळे सॉफ्टवेअरला वाटलं, प्रकल्प अठ्ठावीसला संपतो. मग बाकी सगळ्यांना सवडच सवड. आता मी ही एक ओळ हिशेबातून बाजूला काढते. बाकी कशालाही हात लावत नाही. बघा.”

तिने दुसरी कळ दाबली.

लाल रंग खालून वर चढत गेला. हस्तांतरण, स्वच्छता, चाचणी, छत, यंत्रांची जोडणी, यंत्रांची खरेदी, एकेक पट्टी पेटत गेली, आणि साखळी सत्त्याण्णवाव्या ओळीशी येऊन थांबली. कोपऱ्यात टिपणे घेणारे लघुलेखक लिहायचे विसरून उभे राहिले होते. मुंगीने ती ओळ मोठ्याने वाचली: “हवेच्या यंत्रांच्या खरेदीस संचालकांची मंजुरी. ठरलेले दिवस पाच. आजवर झालेले सेहेचाळीस. काम अपूर्ण.”

हिरव्या शाईच्या तीन चिठ्ठ्या तिने टेबलावर एकाशेजारी एक ठेवल्या.

“ती ओळ कार्यालयातल्या कोणीतरी चुकून घातली असेल,” संचालक म्हणाले. त्यांची बैठक आता तितकी ऐसपैस नव्हती. “इतके हात लागतात. मला समारंभाची नक्की तारीख तेव्हा ठाऊकही नव्हती.”

दिवसभरात मी जे एकच काम करायचे ठरवले होते ते तेव्हा केले. ती लांब बाही मी त्यांच्यासमोर टेबलावर पसरली.

“हे काय आहे?” अध्यक्षांनी विचारले.

“अठराव्या आठवड्याचे वेळापत्रक, बाई. बाहेर चौकटीत आहे तेच. यातही दोनशे तेरा नाही, म्हणजे ओळ त्या आठवड्यात आत आलेली होती.”

“बाहीवर?”

“बाहीवर. ही बाही संचालकांचीच आहे. त्याच आठवड्यात माप घेऊन कापलेली. आणि ही शिंप्याची वही.” मापांवर दादाने अस्तराची पट्टी टाचून दिली होती, उघडी होती ती फक्त तारीख आणि खालची ओळ. “समारंभ अठ्ठावीसला, असे त्यांनी शिंप्याला त्याच आठवड्यात सांगितले होते.”

संचालकांनी बाहीकडे पाहिले. मग, कसे कोण जाणे, त्यांनी स्वतःचा हात तिच्या शेजारी ठेवला. लांबी तंतोतंत जुळत होती. दादा माप चुकत नाही.

अध्यक्षांनी मसुदा पुढे ओढला. सातव्या कलमावर त्यांनी एक आडवी रेघ मारली, मग खात्रीसाठी दुसरी, आणि बाजूला सही केली. “तुमची नोकरी तुमच्याकडेच आहे,” त्या मुंगीला म्हणाल्या, “आणि आजपासून फाईलही.” मुंगीने टेबलाखाली माझा हात इतका दाबला की माझी अंगठी बोटात रुतली. मग अध्यक्षा संचालकांकडे वळल्या. “आता तुम्ही बोला. लघुलेखक, खाली बसा आणि शब्दन् शब्द घ्या.”

इतिवृत्ताच्या शेवटच्या पानावर ते शब्द जसेच्या तसे आहेत:

“ती ओळ मीच घातली. पाहुण्यांना अठ्ठावीस हीच तारीख मोकळी होती, आणि माझाही नोकरीतला तो शेवटचा दिवस. ओळ घातली आणि चार्टवरचा सगळा लाल रंग गेला. मला वाटलं, काम सुधारलं. मला खरंच तसं वाटलं. कुणी विचारू नये म्हणून मग ती लपवली. नंतर या बाईंच्या चिठ्ठ्या यायला लागल्या, पण चार्ट तर सवड आहे म्हणत होता, आणि इमारत आधी झाली असती तर माझ्या अठ्ठावीससाठी कुणी थांबलं नसतं. मंजुरीचा कागद माझ्या वरच्या खणात आहे. पेनही तिथंच आहे. सही राहून गेली नाही. मी केली नाही.”